भंगारात विकत घेतलेली शाळा : चीनच्या विमानवाहू नौका

धागाकर्ता : गलबत्या

परवा खरडफळ्यावर चीनच्या 'फुज्यान' या नव्या विमानवाहू नौकेवरून जुंपली होती. एक म्हणाला, चिन्यांनी सगळं चोरलं. दुसरा म्हणाला, पैसा ओतला की काय होत नाही! मला दोन्ही उत्तरं अर्धीच वाटतात. खरडफळ्यावर चार ओळींच्या पुढे लिहिलं की लोक कावतात, म्हणून हा धागा.

'फुज्यान' ५ नोव्हेंबर २०२५ ला हायनान बेटावरच्या सान्या बंदरात चिनी नौदलात दाखल झाली. वजन ऐंशी हजार टनांच्या पुढे, आणि डेकवर विद्युतचुंबकीय कॅटापल्ट, म्हणजे विमानाला ढकलून उडवणारी यंत्रणा. अशी सेवेतली याआधीची नौका एकच, अमेरिकेची 'जेराल्ड फोर्ड'. ज्या नौदलाकडे २०१२ च्या सप्टेंबरपर्यंत एकही विमानवाहू नौका नव्हती, ते तेरा वर्षांत इथवर आलं. हे तेरा वर्षांचं गणित ऐकलं की तोंडात बोट जातं. पण ते गणितच चुकीच्या जागेपासून मांडलेलं आहे. खरी सुरुवात १९८५ ला झाली, आणि ती भंगाराच्या सौद्याने झाली.

ऑस्ट्रेलियाची 'मेलबर्न' ही विमानवाहू नौका १९८२ मध्ये निवृत्त झाली. १९८५ मध्ये ती चौदा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला एका चिनी कंपनीने तोडण्यासाठी घेतली. देण्याआधी ऑस्ट्रेलियनांनी शस्त्रं उतरवली, इलेक्ट्रॉनिक उपकरणं काढली, सुकाणू वेल्डिंग मारून जाम करून टाकलं. पुन्हा कुणी हिला चालवू नये एवढी काळजी घेतली. पण वाफेचा कॅटापल्ट, उतरणारं विमान अडवणाऱ्या तारांची यंत्रणा आणि वैमानिकाला उतरायचा कोन दाखवणारे आरसे तसेच राहिले. मोडीत काढलेल्या घराचे नळ कोण काढत बसतो? चिनी नौदलाच्या अभियंत्यांना नेमके तेच नळ हवे होते. तोडायची घाई कुणीच केली नाही. एकेक भाग सुटा करून मोजला, कागदावर उतरवला.

यामागचा माणूस म्हणजे ॲडमिरल ल्यू ह्वाछिंग. १९८० साली अमेरिकेच्या दौऱ्यात हा गृहस्थ 'किटी हॉक' या नौकेवर गेला आणि तिथून वेड घेऊन परतला. १९८२ मध्ये चिनी नौदलाचा प्रमुख झाला. चीनने विमानवाहू नौका बांधली नाही तर मरताना माझे डोळे मिटणार नाहीत, असं तो म्हणायचा. तेव्हाच्या चीनकडे ना पैसा होता, ना तशी गोदी, ना विमानं. तो जानेवारी २०११ मध्ये वारला. चीनची पहिली नौका चाचणीसाठी समुद्रात उतरली ऑगस्ट २०११ मध्ये. सात महिने चुकले म्हाताऱ्याचे.

आता मुख्य नाट्य. सोव्हिएत युनियनने १९८५ च्या डिसेंबरात युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या गोदीत 'वार्याग' ही विमानवाहू नौका बांधायला घेतली. १९८८ ला ती पाण्यात उतरली. १९९१ ला देशच विरघळला. नौका साधारण ६८ टक्के पूर्ण, पैसे द्यायला मालक नाही. कामगारांनी हत्यारं खाली ठेवली आणि सांगाडा गंजत पडला. १९९८ मध्ये मकावच्या एका कंपनीने तो दोन कोटी डॉलरला घेतला. कशासाठी, तर तरंगता जुगारअड्डा काढायला! मकावच्या बंदरात एवढ्या जहाजाला पुरेल इतकं पाणीच नाही, ही बारीकशी अडचण तेव्हा कुणी फार ताणली नाही.

सौदा करणारे श्यू झेंगपिंग हे हाँगकाँगचे व्यापारी, एकेकाळचे लष्कराच्या संघातले बास्केटबॉलपटू. २०१५ मध्ये त्यांनी वर्तमानपत्राला मुलाखत देऊन सगळं सांगितलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे किएव्हमध्ये वाटाघाटी चिनी दारूच्या बाटल्यांवर झाल्या, आणि जहाजाबरोबर चाळीस टन आराखडे मिळाले, तेही आठ ट्रक भरून. इंजिनं काढून घेतली आहेत असं जगाला सांगितलं जात होतं. ती प्रत्यक्षात ग्रीस थापून आतच जपलेली होती. आणि एवढं करून आपले पैसे सरकारने परत दिलेच नाहीत, अशी त्यांची तक्रार.

माझ्या मते त्या सौद्यात जहाज हा जोडधंदा होता. मूळ माल ते चाळीस टन कागद.

पुढची वरात तर ऐकण्यासारखी आहे. जून २००० मध्ये टगबोटींनी सांगाडा ओढायला सुरुवात केली. तुर्कस्तान म्हणालं, बॉस्फरसमधून जाऊ देणार नाही. ना इंजिन चालू, ना सुकाणू, मध्येच दोर तुटून आडवं झालं तर इस्तंबूलची सामुद्रधुनीच बंद. झालं, सोळा महिने हा तीनशे मीटरचा सांगाडा काळ्या समुद्रात दोरीला बांधलेल्या बैलासारखा गोल गोल फिरत होता. अखेर चीनने चिनी पर्यटक पाठवायचं गाजर दाखवलं, आणि १ नोव्हेंबर २००१ ला वाट मिळाली. अकरा टगबोटी धरून सत्तावीस बोटींच्या लवाजम्यात सहा तासांत बॉस्फरस पार. दोनच दिवसांनी ग्रीसच्या स्कायरॉस बेटाजवळ वादळात दोर खरंच तुटले. पुन्हा बांधताना एक खलाशी पडून मेला. सुएझ कालवा निर्जीव जहाजाला घेत नाही, म्हणून जिब्राल्टर, मग केप ऑफ गुड होपला वळसा, मग मलाक्का. ३ मार्च २००२ ला चीनमधलं दालियान बंदर.

त्यानंतर दहा वर्षं काम चाललं. २५ सप्टेंबर २०१२ ला तीच 'ल्याओनिंग' म्हणून नौदलात आली. नोव्हेंबरात दाई मिंगमेंग या वैमानिकाने तिच्यावर जे-१५ हे चिनी लढाऊ विमान उतरवलं. त्या विमानाच्या प्रकल्पाचे प्रमुख लुओ यांग ते बघायला नौकेवर होते. २५ नोव्हेंबरला किनाऱ्यावर परतल्या परतल्या हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय ५१.

मग 'शांदोंग'. दालियानमध्येच, त्याच आराखड्यावर पण सुधारून बांधलेली. मनोरा लहान केला, रशियन आराखड्यात मोठ्या क्षेपणास्त्रांना दिलेली जागा काढून हँगर, म्हणजे डेकखाली विमानं ठेवायची जागा, वाढवला. एप्रिल २०१७ ला पाण्यात, डिसेंबर २०१९ ला नौदलात. आणि मग शांघायच्या ज्यांगनान गोदीतली 'फुज्यान', आराखडा पहिल्यापासून स्वतःचा.

हा क्रम बघा. आधी दुसऱ्याचं तोडून बघितलं, मग दुसऱ्याचं पूर्ण केलं, मग त्याचीच सुधारित नक्कल केली आणि शेवटी स्वतःचं काढलं. आपल्याकडे गॅरेजमध्ये पोऱ्या असाच शिकतो. चोरी म्हणा, पैसा म्हणा, पण यात एकही यत्ता गाळलेली नाही हे मला सगळ्यात भारी वाटतं.

तांत्रिक बाजू जाणकारांनी सांगावी. माझं ज्ञान वाचीव आहे.

---

पानसुपारी
वाचतोय. वाचखूण साठवली. बॉस्फरसचा किस्सा माहीत नव्हता.

---

धक्क्यावरची घार
विषय : मेलबर्न म्हणजे आपल्या विक्रांतची बहीण

गलबत्या, एक गोष्ट राहिली तुमची. 'मेलबर्न' मूळची ब्रिटिश 'मॅजेस्टिक'. आणि आपली जुनी 'विक्रांत' मूळची 'हर्क्युलिस', त्याच मॅजेस्टिक वर्गातली. दोन्ही दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेल्या आणि अर्धवट राहून गेलेल्या. आपण आपली पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये नौदलात दाखल केली. म्हणजे चिनी अभियंते १९८५ मध्ये ज्या यंत्रणेचे स्क्रू मोजत होते, तिच्यासारखी यंत्रणा आपण तोवर चोवीस वर्षं हाताळत होतो.

मी सातवीत असताना आमची सहल विक्रांतवर गेली होती. तेव्हा ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. खालच्या हँगरात सी हॉक विमान ठेवलेलं आणि तेलाचा व जुन्या रंगाचा एक वास. मॅडम म्हणत होत्या रांग सोडू नका, आणि आम्ही सगळे अलिझे विमानाच्या पंख्याला हात लावायला पळालो.

२०१४ मध्ये ती मुंबईतल्या दारूखाना भागात, जहाजं मोडतात तिथे, तोडली. रे रोडला उतरून मुद्दाम बघायला गेले होते, लांबून काही दिसलं नाही. नंतर तिच्या पोलादातून बजाजने मोटारसायकल काढली. आमच्या शेजाऱ्यांनी घेतली, अजून आहे. भाजी आणायला नेतात.

---

सरळसोट
विषय : चोरीला शाळा म्हणायची फॅशन

लेख रंजक आहे, पण गॅरेजच्या पोऱ्याची उपमा फार गोड झाली. जे-१५ बद्दल काय? सुखोई-३३ चा एक नमुना, टी-१०के, यांनी युक्रेनकडून मिळवला, उघडला आणि त्यावरून विमान काढलं. रशियाने सु-३३ विकायची बोलणी केली होती ती फिसकटली, कारण उघड आहे. जुगारअड्ड्याचं नाव सांगून युद्धनौका आणणं यालाही आमच्याकडे फसवणूक म्हणतात. पोऱ्या उस्तादाच्या गॅरेजमधली गाडी रात्री घरी नेत नाही.

---

गलबत्या
@सरळसोट, तुमचं म्हणणं मान्य. नैतिक प्रमाणपत्र मी देत नाहीये. पण एक सांगा, सोव्हिएत भंगार कुणाला मिळत नव्हतं? ज्याच्याकडे पैसे होते त्याला मिळत होतं. नमुना मिळाला म्हणजे विमान मिळालं असं नसतं. टी-१०के हातात आल्यावर जे-१५ पहिल्यांदा उडायला ऑगस्ट २००९ उजाडलं. आणि डेकवर उतरायला आणखी तीन वर्षं. मधल्या वर्षांत जे झालं त्याला मी शाळा म्हणतोय.

फीसुद्धा भरली त्यांनी. एप्रिल २०१६ मध्ये झांग चाओ नावाचा तरुण वैमानिक जमिनीवरच्या धावपट्टीवर नौकेसारखं उतरायचा सराव करताना गेला.

---

अनुस्वारप्रेमी
दोन शंका. (१) 'विमानवाहू नौका' की 'विमानवाहू युद्धनौका'? (२) वर्तमानपत्रांत 'फुजियान', 'शेडोंग', 'लिओनिंग' असं येतं. तुम्ही 'फुज्यान', 'शांदोंग' लिहिताय.

---

गलबत्या
(१) जे जिभेवर बसेल ते. (२) चिनी उच्चाराच्या त्यातल्या त्यात जवळ जायचा प्रयत्न. 'शेडोंग' हे कुठून आलं हे कोडं मलाही सुटलेलं नाही. प्रांतांची नावं आहेत तिन्ही. 'ल्याओनिंग' प्रांतातच दालियान आहे, तेवढं जुळतं. 'फुज्यान' बांधली शांघायला, पण फुज्यान प्रांत तैवानच्या बरोबर समोर. नाव ठेवताना कुणाकडे बघून ठेवलं ते कळतं.

---

वाफेचा बंब
विषय : उडी आणि गोफण

धागाकर्त्याने हाक मारलीय म्हणून लिहितो. माझा धंदा वीज केंद्रांतल्या टर्बाइनचा, नौदलाचा नाही. त्यामुळे चुका जाणकारांनी काढाव्यात.

'ल्याओनिंग' आणि 'शांदोंग'च्या नाकाशी डेक वर वळलेला आहे, पहिलीला १४ अंश, दुसरीला १२. याला स्की-जंप म्हणतात. विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावतं, वळणावरून हवेत उडी घेतं आणि खाली पडायच्या आत वेग पकडतं. यंत्रणा अशी काहीच नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. पण किंमत विमान मोजतं. या वर्गाच्या नौकेवर दोन जागा साधारण १०५ मीटर धाव देतात आणि एक १९५ मीटर. पूर्ण भरलेलं जे-१५ तीस टनांच्या वर जातं. छोट्या धावेवरून ते उडवायचं तर इंधन कमी करा नाहीतर बॉम्ब कमी करा. लांब धाव घ्यायची तर मागची अर्धी डेक अडवून ठेवा. लग्नाच्या पंगतीत एकच माणूस आडवा झोपला तर बाकीचे कुठे बसणार, तसं.

त्याहून मोठी अडचण रडारच्या विमानाची. लांबवरचं दिसायला उंचावर, तासन्‌तास घिरट्या घालणारं विमान लागतं. अमेरिकेकडे त्यासाठी ई-२ आहे. पंख्याची दोन इंजिनं, पाठीवर थाळी. जड अंग आणि बेताचा जोर, त्यामुळे ते स्की-जंपवरून उडू शकत नाही. म्हणून 'ल्याओनिंग' रडार लावलेल्या हेलिकॉप्टरवर भागवते. हेलिकॉप्टर तेवढं उंच जात नाही आणि तेवढा वेळ थांबत नाही.

आता कॅटापल्ट, मराठीत सरळ गोफण म्हणू. वाफेच्या गोफणीत डेकखाली दोन लांब सिलिंडर, त्यात पिस्टन, त्याला वर विमानाचं पुढचं चाक अडकवलेलं. वाफ सोडली की दोन-तीन सेकंदांत विमान हवेत. ऐकायला सोपं. पण वाफेचे पाईप, झडपा, सील, सगळं जागा खातं, गळतं आणि गोडं पाणी पितं. शिवाय धक्का सुरुवातीलाच जोरात बसतो, विमानाचे सांधे खिळखिळे होतात.

विद्युतचुंबकीय गोफण म्हणजे सरळ रेषेत उलगडलेली मोटर. ढकलण्याचा जोर पाहिजे तसा कमीजास्त करता येतो. हलकं ड्रोन असो की जड लढाऊ विमान, आकडा टाका आणि सोडा. अडचण विजेची, कारण दोन-तीन सेकंदांत प्रचंड ऊर्जा हवी आणि मग पुढच्या विमानापर्यंत काही नको. आमच्या धंद्यात अशा ग्राहकाला आम्ही दारात उभा करत नाही. म्हणून ऊर्जा आधी साठवून ठेवावी लागते. अमेरिकेने त्यासाठी फिरती चाकं वापरली. 'फोर्ड'वर सुरुवातीला ती यंत्रणा इतकी रुसायची की २०१७ मध्ये ट्रम्प साहेबांनी जाहीरपणे 'परत वाफेवर जा' म्हणून सांगितलं होतं!

चीनमध्ये या कामाचं नाव म्हणजे मा वेइमिंग. वुहानच्या नौदल अभियांत्रिकी विद्यापीठातले विद्युत अभियंते, हुद्दा रिअर ॲडमिरल. त्यांनी नौकेवरची सगळी वीज मध्यम दाबाच्या एकदिश प्रवाहावर (डीसी) चालवायचा मार्ग धरला. एकदिश प्रवाहात साठवण जोडणं सोपं जातं, आणि म्हणून अणुभट्टी नसताना बॉयलरवर चालणाऱ्या जहाजावर ही गोफण बसू शकली. माझ्या दृष्टीने 'फुज्यान'ची बातमी ही आहे. ऐंशी हजार टन पोलाद कोणीही चांगली गोदी जोडेल.

२२ सप्टेंबर २०२५ ला चीनने चित्रफिती दाखवल्या. जे-१५ टी, नवं जे-३५ आणि थाळीवालं केजे-६००, तिन्ही 'फुज्यान'वरून गोफणीने उडताना. मी केजे-६०० चा तुकडा चार वेळा बघितला. बायको म्हणाली, क्रिकेट लाव.

---

पानसुपारी
वाफेचा बंब, पंगतीची उपमा पार डोक्यात बसली. वेगळा लेख लिहाच.

---

शेन्झेनचा पोष्ट्या
विषय : मिन्स्कवर आईस्क्रीम

नोकरीनिमित्त बरीच वर्षं शेन्झेनला होतो, त्यामुळे भंगारातलं आणखी एक जहाज मी आतून पाहिलंय. 'मिन्स्क'. सोव्हिएत 'किएव्ह' वर्गातली विमानवाहू नौका, आधी दक्षिण कोरियाने भंगारात घेतली, तिथून चीनमध्ये आली आणि २००० साली शेन्झेनच्या किनाऱ्यावर 'मिन्स्क वर्ल्ड' नावाचं जत्रेचं ठिकाण झालं. तिची थोरली बहीण 'किएव्ह' त्येनजिनला अशीच उभी आहे, तिच्यात तर हॉटेलसुद्धा काढलं.

मी गेलो तेव्हा डेकवर शाळेची पोरं, हातात आईस्क्रीम. भारतीय तोंड बघून एका काकांनी माझ्याबरोबर फोटो काढला. मागे वळून बघताना आता लक्षात येतं की त्या पोरांना विमानवाहू नौका ही चीज ओळखीची व्हावी, हाही त्यातला एक फायदाच होता. २०१२ नंतर तर वेडच लागलं लोकांना. 'ल्याओनिंग'वरून विमान सोडताना डेकवरचा माणूस गुडघा टेकून दोन बोटांनी पुढे खूण करतो, ती पोज घेऊन ऑफिसात, लग्नात, रस्त्यावर फोटो काढायची साथ आली होती. आमच्या कॅन्टीनचा आचारीसुद्धा ट्रॉली सोडताना तशी खूण करायचा.

'मिन्स्क वर्ल्ड' २०१६ ला बंद पडलं. नौका ओढून यांगत्सेकडे नान्तोंगला नेली, तिथे पुन्हा पर्यटन काढायचा बेत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये तिला मोठी आग लागली. फोटो बघून वाईट वाटलं.

---

धक्क्यावरची घार
@पोष्ट्या, 'किएव्ह' वर्गाच्या चार नौका ना? 'किएव्ह' आणि 'मिन्स्क' चीनमध्ये जत्रेला, तिसरी तुटली, आणि चौथी 'बाकू', पुढे 'गॉर्शकोव्ह', ती आपली 'विक्रमादित्य'. नोव्हेंबर २०१३ ला रशियात आपल्या नौदलात आली.

म्हणजे एका आईच्या लेकींपैकी आपण घेतली तिला नांदवली. त्यांनी घेतल्या त्यांच्यात हॉटेल काढलं. आणि तरी पुढे कोण गेलं, याचा विचार केला की गंमत वाटते.

---

सरळसोट
घारताई, गंमत नाही, हिशेब आहे तो. त्यांनी जहाज बाजूला ठेवून गोदी उभ्या केल्या. आपण जहाज आणलं आणि गोदी वाट बघत राहिली. नवी 'विक्रांत' कोचीनला फेब्रुवारी २००९ मध्ये बांधायला घेतली, २ सप्टेंबर २०२२ ला दाखल झाली. तेरा वर्षं. सुरुवातीला रशियाकडून पोलाद येईना म्हणून आपल्याला डीएमआर-२४९ हे पोलाद स्वतः तयार करावं लागलं, ते चांगलंच झालं. पण त्या कोचीनच्या कारागिरांना लगेच दुसरं जहाज द्यायला हवं होतं. चिन्यांचा दालियानचा माणूस 'ल्याओनिंग' संपवून 'शांदोंग'वर गेला. हात गार होऊ दिले नाहीत. तुमची शाळेची उपमा इथे मला पटते, लिहून ठेवा.

---

गलबत्या
@सरळसोट लिहून ठेवलं. तारीखही टाकलीय.

---

वास्कोचो
विषय : तीन जत्रा, एकच देव

धाग्यात गोव्याचं नाव आलंच पाहिजे म्हणून नाही, खरंच संबंध आहे म्हणून लिहितो. घर चिखलीला, दाबोळीच्या विमानांचा आवाज पाळण्यापासून कानात.

सोव्हिएतांनी क्रिमियात साकीला जमिनीवर नौकेचा डेक बांधला होता. स्की-जंप, तारा, सगळं. नाव नित्का. समुद्रात जायच्या आधी वैमानिक तिथे पडून-उठून शिकायचे. आपल्या गोव्यातल्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावरची चाचणी सुविधा त्याच पठडीतली. २० डिसेंबर २०१४ ला नौदलाच्या तेजसने तिथल्या स्की-जंपवरून पहिल्यांदा उड्डाण केलं, चालवत होते कमोडोर जयदीप मावळणकर. पुढे ११ जानेवारी २०२० ला त्यांनीच तेजस 'विक्रमादित्य'वर उतरवलं.

आणि चीनने बांधलं ल्याओनिंग प्रांतात, ह्वांगदीत्सुन इथे. पण फरक बघा. त्यांच्याकडे स्की-जंपच्या शेजारी २०१६-१७ च्या उपग्रह छायाचित्रांत गोफणी दिसायला लागल्या. एक वाफेची आणि एक विद्युतचुंबकीय! दोन्ही शेजारी-शेजारी बांधून बघितल्या आणि मग ठरवलं. शिवाय वुहानला एका इमारतीच्या डोक्यावर सिमेंटची आख्खी विमानवाहू नौका उभी केलीय, मनोऱ्यासकट, रडार नि अँटेना कशा बसतील ते पाहायला. समुद्रापासून शेकडो मैल आत! आमच्याकडे कोणी गच्चीवर होडी बांधली तर पंचायत नोटीस देईल.

---

खडूस
विषय : आरती झाली असेल तर

पानभर कौतुक वाचलं. आता थोडं लिंबू पिळतो.

'फुज्यान'ला लिफ्ट दोनच आहेत, 'फोर्ड'ला तीन. लिफ्ट कमी म्हणजे हँगरातून विमान वर यायला रांग. उतरणपट्टीचा तिरपेपणा अमेरिकन नौकांपेक्षा कमी आहे, त्यामुळे पट्टीचं पुढचं टोक पुढच्या गोफणीच्या जागेत घुसतं. एका वेळी उडवणं आणि उतरवणं जमलं नाही तर गोफण विद्युतचुंबकीय आहे का वाफेची याने काय फरक पडतो? अणुशक्ती नाही म्हणजे बॉयलरला तेल, म्हणजे मागे तेलाचं जहाज. आणि या तीनपैकी एकाही नौकेने लढाई पाहिलेली नाही. रात्री, पावसात, हलत्या डेकवर, इंधन संपत आलेलं असताना उतरणं हे अमेरिकन नौदल कित्येक पिढ्या करत आलंय आणि त्यात माणसं घालवत आलंय. ते उपग्रह छायाचित्रात दिसत नाही.

---

वाफेचा बंब
@खडूस, लिफ्ट आणि पट्टीबद्दल सहमत. पहिल्या स्वतःच्या आराखड्यात अशा गाठी राहतातच, पुढच्या जहाजात सुटतात की नाही ते बघायचं. दालियानला पुढची नौका आकार घेतेय, आणि सिचुआनमध्ये ज्याज्यांगजवळ जहाजासाठीच्या अणुभट्टीचा जमिनीवरचा नमुना उभा राहतोय असं अमेरिकन संशोधकांनी २०२४ मध्ये उपग्रह छायाचित्रं आणि निविदांचे कागद जुळवून दाखवलं. पुन्हा तेच, आधी जमिनीवर. शिवाय शांघायला 'सिचुआन' नावाचं उभयचर (किनाऱ्यावर सैन्य उतरवणारं) जहाज डिसेंबर २०२४ मध्ये पाण्यात उतरलं, त्यालाही एक विद्युतचुंबकीय गोफण आहे, बहुधा ड्रोनसाठी. गोफण आता त्यांच्याकडे सुट्टा माल झालाय.

सरावाचं म्हणाल तर जून २०२५ मध्ये 'ल्याओनिंग' आणि 'शांदोंग' एकाच वेळी पश्चिम पॅसिफिकमध्ये होत्या, जपानी नौदल मागे लागून विमानांच्या फेऱ्या मोजत होतं. लढाई नाही ती, पण सुट्टीही नाही.

---

खडूस
फेऱ्या मोजू द्या. मी लिफ्ट मोजतो.

---

नागली
मला एवढंच विचारायचंय की १९९६ चं कुणीच का बोललं नाही? तैवानच्या निवडणुकीच्या वेळी चीनने क्षेपणास्त्रं डागली आणि अमेरिकेने 'इंडिपेंडन्स' आणि 'निमिट्झ' अशा दोन विमानवाहू नौका पाठवल्या. चीनला गप्प बसावं लागलं. 'वार्याग'चा सौदा त्याच्या दोनच वर्षांनी झालाय. ल्यू ह्वाछिंगचं वेड सोळा वर्षं फाईलमध्ये होतं, ते त्या मार्चमध्ये सरकारचं वेड झालं असं मला वाटतं.

---

गलबत्या
@नागली, हे धाग्यात यायलाच हवं होतं. माझी चूक. शाळेचं सांगताना मार कुठे खाल्ला ते विसरलो.

---

जुना स्टोकर
विषय : बॉयलर रूममधून

मुलाने लिंक पाठवली, म्हणून सदस्यत्व घेतलं. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी १९७६ ते ७९ विक्रांतवर होतो, खाली, बॉयलरवर. वर विमानं कशी उडतात हे आम्ही फार कमी पाहिलं, पण प्रत्येक उड्डाण आम्हाला कळायचं. गोफण सुटली की धप्प असा आवाज सबंध जहाजातून जायचा आणि मेसमधली ताटं वाजायची. अलिझेचा आणि सी हॉकचा आवाज वेगळा यायचा, आम्ही पैज लावायचो. वाफ एकच. तीच जहाजाच्या पंख्याला, तीच गोफणीला. लागोपाठ विमानं सोडायची असली की वरून वेगही हवा असायचा, कारण समोरून वारा पाहिजे, आणि गोफणीला वाफही हवी असायची. दोघं एकाच वेळी मागायचे. मधे आम्ही. वाफेचा दाब पडला की फोनवर शिव्या.

बंब यांनी लिहिलंय सील गळतात, गोडं पाणी लागतं, ते अगदी बरोबर. आंघोळीला पाणी नाही आणि गोफणीला आहे, असे दिवस काढलेत. पुढे ऐंशीच्या दशकात सी हॅरियर विमानांसाठी पुढे स्की-जंप बसवला आणि गोफण काढून टाकली. तोवर मी दुसऱ्या जहाजावर होतो. गोफणीवर काम केलेली पार्टी फार हुशार होती, कान लावून सांगायचे कुठली झडप उशिरा उघडतेय. नंतर कोणी जनरेटरवर गेला, कोणी पेन्शनवर.

चिन्यांनी मेलबर्न उघडून जे शिकलं ते आमच्या त्या पार्टीला पाठ होतं, एवढंच सांगायचं होतं.

---

धक्क्यावरची घार
काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्ही सहलीला गेलो तेव्हा खाली बॉयलरपर्यंत जाऊ देत नव्हते. त्या पार्टीतलं कोणी संपर्कात आहे का?

---

जुना स्टोकर
दोघं होते, एक मालवणला, एक सांगलीकडे. दोघंही गेले. सांगलीवाल्याने निवृत्तीच्या वेळी त्याची वही मला दिली होती. झडपांच्या वेळा, दाब, कुठल्या सीलला काय केलं, पेन्सिलने काढलेल्या आकृत्या. मधूनमधून मेसचा हिशेबही आहे.

---

गलबत्या
काका!!! ती वही आहे अजून? पानांचे फोटो काढून ठेवा हो.

---

जुना स्टोकर
आहे. नाशिकला मुलीकडे माळ्यावर ट्रंकेत आहे. दिवाळीला जाईन तेव्हा बघतो. तेलकट झालीय, पानं एकमेकांना चिकटली असतील.